वासाची पोच

"तुम्ही भेकड आहात. आणि भेकड माणसानं दुसऱ्याच्या चुलीत नाक खुपसायचं नसतं."

एवढं लिहून पारूबाईनं पेन थांबवला. सोसायटीच्या सेक्रेटरीला अर्ज लिहायचा तर सुरुवात कशी करतात, तिला ठाऊक नव्हतं. पोटात होतं ते आधी कागदावर आलं.

कृष्णात, तिचा नवरा, खांद्यावरून वाचत होता. पस्तीस वर्षं पाटबंधाऱ्याच्या कचेरीत टिपणं लिहून रिटायर झालेला माणूस. अक्षर मोत्यासारखं.

"भेकड नको," तो म्हणाला. "असमर्थ लिही."

"असमर्थ तुमच्या हाफिसात. आमच्याकडं भेकडच म्हणत्यात."

"आणि अर्जात 'आपण' लिहित्यात. 'तुम्ही' न्हाय."

"मला तुम्ही म्हणायचीच सवय हाय," ती म्हणाली आणि पुढं लिहू लागली.

ओट्यावर लेकीनं पाठवलेला ओव्हन तापत होता. अक्षता पुण्याहून फोनवर सगळं सांगून मोकळी झाली होती. ट्रेला फॉइल लाव, बेकनच्या पट्ट्या एकमेकींवर चढू देऊ नको, ओव्हन थंड असतानाच आत ठेव. चरबी सावकाश सुटली की पट्टी कुरकुरीत होते. वीस मिनिटं, उघडून बघत बसू नको. धुरी दिलेल्या डुकराच्या मांसाचं ते पाकीट राजारामपुरीतल्या दुकानातून कृष्णातनंच आणलं होतं. पिशवीत पिशवी घालून, लिफ्ट सोडून जिन्यानं.

आज बनाबाईला, पारूबाईच्या आईला, जाऊन वर्ष झालं. संध्याकाळी घरी बुद्धवंदना होती. त्याआधी फोटोपुढं तिच्या आवडीचं ताट.

आवडीचं म्हणजे हेच. माहेरी, राधानगरीकडं, पावसात भिंतींना ओल सुटायची, पण चुलीवरच्या काठीला मीठ-हळद चोळलेल्या डुकराच्या पट्ट्या धुरात लोंबत असायच्या. सरपण भिजलेलं, भाजी मिळायची नाही, अशा दिवशी आई एक पट्टी ओढून तव्यावर टाकायची. चर्र व्हायचं. कडा वळायच्या. चार पोरं तव्याला टेकून बसलेली, आणि आई ओरडायची, "तोंडं मिटा की रं, लाळंनं इस्तू इझंल!" वस्ती गावाबाहेर होती. वास गावात गेला की गाव नाक मुरडायचं. आई म्हणायची, मुरडू दे, नाक त्यांचं हाय.

शेवटचं वर्ष आई इथं होती, तिसऱ्या मजल्यावर, या फ्लॅटात. दात गेले, जेवण गेलं. मागणं एकच राहिलं. "पारू, एक पट्टी भाज की. नुसती चघळून थुकते." आणि पारूबाई तिला खालच्या फळ्यावरचा अकरावा नियम सांगायची. सदनिकेत उग्र वासाचे मांस शिजवू नये. रविवारी अख्ख्या बिल्डिंगीतून मटणाच्या रश्श्याचा वास जिन्यात उतरायचा. तो उग्र नव्हता. उग्र कुणाचं, ते न लिहिताच सगळ्यांना कळलं होतं.

आई न खाता गेली.

ओव्हनमधून वास सुटला तसा कृष्णात उठला. खिडक्या लावल्या. उदबत्ती पेटवली. कपाटातली पावतीपुस्तकं आणि शाईचं पॅड सारून जुना टॉवेल ओढला, ओला केला, दाराच्या फटीत कोंबला.

"सेक्रेटरी तरी काय करणार गं?" तो तिथंच उकिडवा बसून म्हणाला. "वीस घरं. एकट्या माणसाला सगळ्यांस्नी सांभाळून घ्यायला लागतंय."

"तुम्ही त्याची बाजू घेऊ नका."

"बाजू न्हाय घेत. नवी सोसायटी होती. उद्या कुणी बोट दाखवंल, त्यापरीस आधीच..."

"आधीच काय?"

तो टॉवेल आणखी आत दाबत राहिला.

पारूबाईनं पुढचं वाक्य लिहिलं आणि मोठ्यानं वाचलं. "हा नियम मीटिंगीत एकाही माणसानं मागितला नव्हता. मी मागच्या खुर्चीवर बसले होते."

"हे खोडून टाक."

"खोटं हाय?"

"खरं हाय. म्हणून म्हणतोय."

ओव्हन टिंग करून थांबला. तिनं चिमट्यानं पट्ट्या कागदावर काढल्या. तांबूस, कडा वळलेल्या, चरबी काचेसारखी झालेली. एक मोडली. कट्. तिनं डोळे मिटले. धूर विकतचा होता, पण धूरच होता. चार पट्ट्या फोटोपुढच्या ताटात ठेवल्या, पाचवी नवऱ्यापुढं धरली.

"खावा."

"नको."

"खावा म्हणते ना."

त्यानं खाल्ली. दाराकडं बघत, पटापट, पण बोटं चाटल्याशिवाय राहवलं नाही.

पारूबाईनं अर्जाची घडी घातली, चपला चढवल्या आणि पायानं टॉवेल बाजूला सारला.

"आत्ताच्या आत्ता?" कृष्णात उठून उभा राहिला. "सेक्रेटरी घरात नसंल."

"असतोय की. आयतवारचा कुठं जाणार हाय?"

"पारू, उद्या देऊ. मी नीट टाइप करून आणतो."

"अर्ज हातानं द्यावा आणि पोच घ्यावी, तुम्हीच शिकवलंय."

ती गेली. दार ओढलं गेलं. जिन्यात पावलं वाजतील म्हणून कृष्णात कान देऊन उभा राहिला. वाजली नाहीत. ना वर, ना खाली.

बेल वाजली.

त्यानं दार उघडलं. उंबऱ्याबाहेर पारूबाईच उभी होती, आणि उघड्या दारातून वास तिच्या बाजूनं जिन्यात उतरत होता. ती रोज पुसायची त्या पितळी पाटीवर, नवऱ्याच्या नावाखालच्या दुसऱ्या ओळीवर, तिचं बोट होतं.

"अर्ज आणलाय, सेक्रेटरीसाहेब," ती म्हणाली. "शिक्का मारून पोच द्या. आणि माझ्या आईला एक पट्टी का मिळाली न्हाय, त्याचं उत्तर लेखी पायजे. नियम लिहिला त्याच अक्षरात. कधी देताय?"