दुकानातला सगळ्यात स्वस्त

तेबोराने लॅपटॉपचं बटण दाबलं आणि मांडी घालून बसली. हा सुरू व्हायला इतका वेळ घ्यायचा की तेवढ्यात खाली आईचा नीरफणस भाजून व्हायचा.

घराच्या चहूबाजूंनी उघड्या माच्यावर, केवड्याच्या पानांच्या चटईवर, तिच्या शेजारी तिचा मावसभाऊ तोआकाई पसरला होता. जर्मन जहाजावरची खलाशाची नोकरी करून तो कालच तरावा बेटावर परतला होता. येताना पातळ, चंदेरी, महागडा लॅपटॉप घेऊन आला होता आणि तो काखेतून खाली ठेवायला तयार नव्हता. त्याने तिच्या लॅपटॉपवर टिचकी मारून बघितली.

“काय गं, हा लॅपटॉप आहे की बिस्किटाचा डबा?”

“बोलून घे.”

“दुकानातला सगळ्यात स्वस्त उचललास ना? अगं, असल्या वस्तूला कुत्रं विचारत नाही.”

“म्हणूनच घेतला.”

तो हसला, ती हसली नाही. मागच्या वर्षी तिने चांगलाच घेतला होता, आणि आठवड्याच्या आत आत्याच्या मुलाने तो मागितला. तरावात आपल्या माणसाने तोंड उघडून वस्तू मागितली की द्यायची असते. ह्याला बुबुती म्हणतात, आणि बुबुतीला नाही म्हणणाऱ्याची मान कायमची खाली जाते. लॅपटॉप गेला, त्याच्याबरोबर शिक्षिका होण्याची परीक्षाही गेली. उद्या सकाळी तीच परीक्षा पुन्हा होती, ह्याच पडद्यावर. म्हणून यंदा तिने ठरवून असला घेतला होता, ज्याच्याकडे कोणी ढुंकून बघणार नाही. त्याची बिजागरी निखळली तेव्हा तिने मासेमारीची दोरी बांधली. एक बटण उडालं, तिथे शिंपल्याचा तुकडा चिकटवला. तिला तो आवडायला लागला होता.

पडद्यावर गोल चक्र फिरायला लागलं आणि इओतेबामामा माच्यावर चढले. आईचे थोरले भाऊ. घरात त्यांच्यापुढे कोणी बोलत नसे. आईने त्यांना गोड नीरा दिली. मामांनी घोट घेतला, तोआकाईला जहाजाचं विचारलं, त्याच्या चंदेरी लॅपटॉपवर हात फिरवला आणि तो जिथल्या तिथे राहू दिला. एवढी मोठी वस्तू मागायची, तर उद्या तेवढ्याच मोठ्या मागण्याला तयार राहावं लागतं. तेबोराच्या हे आजवर कधी डोक्यातच आलं नव्हतं. आता आलं, कारण मामांची नजर तिच्या मांडीवरच्या लॅपटॉपकडे वळली होती.

“पोरी, नातवंडं घरी सिनेमा बघायला भांडतात. हा मला दे. मी मागतोय.”

आईच्या हातातला चिमटा थांबला. तोआकाईने आपला लॅपटॉप हळूच पाठीमागे सरकवला.

आत्याच्या मुलासारखा एखादा सोडला, तर महागाची वस्तू मागताना माणूस दहादा विचार करतो. स्वस्ताची मागायला जीभ जड होत नाही. सगळ्या बेटाला कळतं ते तेबोराला कळलं नव्हतं, आणि वर ती स्वतःला हुशार समजत होती. तिला स्वतःचाच इतका राग आला की डोळे भरून आले.

“दादा, उद्या तिची...” आई म्हणाली.

“आई, थांब.” कारण सांगणं म्हणजे नकारच. तेबोराने लॅपटॉप दोन्ही हातांनी उचलला आणि मामांच्या मांडीवर ठेवला. चक्र फिरतच होतं.

“घ्या, मामा.”

“देव तुझं भलं करो.”

“झाला ना तुमचा?”

“झाला की.”

“मग आता मी मागते.” तिने आवाज शेजारच्या माच्यापर्यंत जाईल एवढा चढवला. “तुमच्या मांडीवरचा लॅपटॉप मला द्या.”

शेजारी चटया विणणाऱ्या बायकांचे हात थांबले. दिलेल्या वस्तूच्या बदल्यात माणसं मागत, पण सावकाशीने, दिवस जाऊ देऊन, आणि दुसरंच काहीतरी. दिलेली वस्तू बसल्या जागी कोणी परत मागितली नव्हती. मागू नये असंही कोणी सांगून ठेवलं नव्हतं.

मामांच्या कपाळावरची शीर ताठ झाली. “ह्या भंगारासाठी तू मामाला तोंड वर करून बोलतेस?”

“तुम्हाला भंगार आहे. माझं शिक्षिका होणं त्याच्यात अडकलंय. मागच्या खेपेला गप्प बसले, ह्या खेपेला नाही बसणार.” तिने आवाज खाली येऊ दिला नाही. “मी मागितलंय, मामा. तुम्ही नाही म्हणताय का? तसं असेल तर मोठ्याने म्हणा.”

मामांनी शेजारच्या माच्याकडे बघितलं. मग बहिणीकडे बघितलं. बहीण निखाऱ्यांवरचा नीरफणस उलटा करत होती आणि तिने मान वर केली नाही. मामांनी आयुष्यात कुणाला नाही म्हटलं नव्हतं, आणि ह्या वयात, ह्या डब्यासाठी, सुरुवात करायची त्यांची तयारी नव्हती.

“दिला,” ते म्हणाले. लॅपटॉप चटईवरून तिच्याकडे सरकवून ते उठले. माच्यावरून उतरताना थांबले. “तुझ्या वर्गात जी पोरं बसतील ना, त्यांची मला आत्ताच कीव येते.”

ते गेले. तेबोराने हाताच्या पाठीने डोळे पुसले आणि लॅपटॉप पुन्हा मांडीवर घेतला. तोआकाई वाकून बघायला लागला. पडद्यावर अजून गोल चक्रच फिरत होतं.

“दोनदा मालक बदलला,” तो म्हणाला, “तरी हा अजून सुरू झालेला नाही.”

“होईल,” तेबोरा म्हणाली. “मी बसलेय.”