नऊ चिठ्ठ्या

"हिची बोटं तुम्ही खाल्लीत, साहेब! रोलरच्या नावावर खपवू नका!"

कामगार बायकांच्या पुढारणीने टेबलावर हात आपटला. चौकशीला आलेल्या अधिकारी बाईंचा चहा बशीत सांडला. मॅनेजर खुर्चीत मागे सरकला. दाराबाहेर धुलाईखान्यातल्या बायका कान लावून उभ्या होत्या, त्यांनी टाळ्या पिटल्या.

"ही बोलायला लागली की बॉयलरसुद्धा गप्प होतो गं," कुणीतरी म्हणालं. हशा पिकला.

टेबलाच्या टोकाला रोलरवाली बसली होती. उजव्या हाताला मनगटापर्यंत पट्टी. पट्टीच्या आत अंगठा आणि एक बोट, एवढंच शिल्लक. हॉस्पिटलच्या चादरींना इस्त्री करणाऱ्या तापलेल्या रोलरवर ती अकरा वर्षं होती. हात आत जाऊ नये म्हणून रोलरपुढे जाळी असते. त्या जाळीची खीळ निसटली होती. चादरीबरोबर हात आत ओढला गेला.

"मला माहीत असतं तर मी मशीन चालू ठेवलं असतं का?" मॅनेजर म्हणाला. "तक्रारच आली नाही. काम उरकायला हिनेच जाळी वर सारली असणार. मग भरपाई कसली मागता?"

मॅनेजर काही सज्जन नव्हता. हातमोजे मागितले म्हणून एका बाईला त्याने दुसऱ्या दिवशी घरी बसवलं होतं. एकटी होती, सापडली. त्यावरूनच बायकांची समिती उभी राहिली आणि पहिला नियम ठरला, एकटीने तोंड उघडायचं नाही. तक्रार चिठ्ठीवर लिहून पुढारणीकडे द्यायची. दहा साठल्या की ती सगळ्या एका कागदावर उतरवणार, खाली ऐंशी जणींच्या सह्या. कुठली तक्रार कुणाची, कुणाच्या बापाला कळायचं नाही. याच रीतीने पंखे आले, प्यायच्या पाण्याचा नळ आला. पण आज हा नालायक माणूस खरं बोलत होता. तक्रार त्याच्यापर्यंत पोहोचलीच नव्हती.

ती पुढारणीच्या पर्समध्ये होती.

अपघाताच्या अठरा दिवस आधीची तारीख. 'जाळी सैल झाली आहे. हात आत जाईल.' अक्षर रोलरवालीचं. तेव्हा पुढारणीने तिच्या पाठीवर थाप मारली होती. "ही नववी! अजून एक येऊ दे, मग बघ कसा नाचवते त्याला." कपाटाला कडी नाही, साबणाला फेस नाही, बाकाचा पाय मोडलाय, अशा आठ चिठ्ठ्यांच्या गठ्ठ्यात तिने ही नववी सारली. दहावी आली नाही. दहावी तिला स्वतःला लिहिता आली असती. नऊच घेऊन गेली असती तरी कुणी तिला फासावर देणार नव्हतं. पण दहाचा दरारा असतो हे तिनेच बायकांना शिकवलं होतं. स्वतःचा नियम मोडावा, असं तिच्या मनातसुद्धा आलं नाही.

अधिकारी बाईंनी पेन उचललं आणि रोलरवालीकडे बघितलं. "जाळी सैल झालेली तुम्हाला दिसली होती?"

"दिसली होती."

"मग कुणाला सांगितलंत?"

रोलरवालीने पुढारणीकडे मान वळवली. चांगली वाट बघितली.

पुढारणीने पर्स मांडीवर घट्ट धरली. चिठ्ठी टेबलावर ठेवली असती तर रोलरवालीवरचा ठपका तिथेच पुसला गेला असता. पण उद्या मॅनेजर गावभर सांगणार, बघा, समितीनेच हिचा घात केला. ऐंशी जणी परत एकेकट्या होणार. असं तिने स्वतःला बजावलं. त्यातलं निम्मं खरं होतं. उरलेलं निम्मं एवढंच की दाराबाहेरच्या टाळ्या थांबतील, याची तिला धास्ती होती.

पर्स तिने उघडली नाही.

"कुणालाच नाही," रोलरवाली म्हणाली. "माझंच चुकलं."

अधिकारी बाईंनी लिहिलं आणि वाचून दाखवलं. दोष दिसला होता, कळवला नाही. भरपाईचा अर्ज तिथेच आडवा झाला. रोलरवालीने डाव्या हाताने सही केली. कागद सरकू नये म्हणून मॅनेजरने तो दोन्ही हातांनी धरून ठेवला.

बाहेर बायकांनी घोषणा सुरू केल्या. आत काय लिहिलं गेलं ते त्यांना अजून कळलं नव्हतं. पुढारणीने रोलरवालीला जिन्यात गाठलं.

"समिती वाचवलीस गं," ती कशीबशी म्हणाली. "तुला एकटी पडू देणार नाही. आम्ही सगळ्या तुझ्या पाठीशी आहोत."

"ते भाषण राहू दे, ताई."

रोलरवाली पायरीवर टेकली. पट्टीतला हात तिने मांडीवर घेतला.

"काल लेकीची वेणी घालत होते. डाव्या हाताने. सारखी सुटत होती. ती म्हणाली, 'आई, जाळी सैल झाल्याचं तू कुणाला सांगितलं होतंस का गं?' सात वर्षांची आहे. मी म्हटलं, उद्या सांगते. म्हटलं, उद्या ताई बोलेल, मग पोरीला खरं काय ते सांगता येईल."

वर घोषणांचा जोर वाढला होता. पुढारणीचंच नाव घेत होत्या.

"आता मला घरी जायचंय. पोरगी दारात बसली असेल. काय सांगू तिला? बोल ना, ताई. काय सांगू?"