विटांची ट्राम

“हा माझा गुचो आहे,” दारात उभी राहूनच बाई म्हणाली.

फोटोग्राफर बोगुमिलने मान वर केली. दुकानाच्या काचेत लावलेल्या फोटोवर तिने बोट टेकवलं होतं. बॉम्बने पडलेल्या घराच्या विटा रचून पोरांनी ट्राम केली होती. सगळ्यात पुढे, डोक्यावर पातेलं घालून, पाच वर्षांचा कंडक्टर गळा काढून ओरडत होता.

तो लेशेक होता. बोगुमिलचा एकुलता एक मुलगा.

‘बाई, चुकताय तुम्ही,’ एवढंच म्हणायचं होतं. पण तोंड उघडलं आणि खोकल्याची उबळ आली. लाल झालेला रुमाल त्याने मुठीत दडवला. सकाळीच डॉक्टर म्हणाले होते, “घरात लहान मूल आहे ना? त्याच्यासाठी कुणीतरी बघा. आणि लवकर बघा.”

कुणाला बघणार? लेशेकची आई जर्मनांविरुद्धच्या उठावाच्या दिवसांत ढिगाऱ्याखाली गेली होती. बापलेक वॉर्सात परतले तेव्हा ओळखीचं एक दार शिल्लक नव्हतं.

“असतो कुठे हा?” बाईने विचारलं. तिच्या बगलेत रजईत गुंडाळलेलं भांडं होतं. बाजारात बटाट्याचे गरम गोळे विकणाऱ्या बायकांकडे असतं तसलं.

“माझ्याकडेच,” बोगुमिल म्हणाला. स्वतःचाच आवाज त्याला परका वाटला. “स्टेशनावर सापडला. आईबापांचा पत्ता नव्हता. तुम्ही उद्या या.”

संध्याकाळी लेशेक गुडघे फोडून घरी आला. बोगुमिलने त्याचे पाय धुतले.

“एक खेळ खेळायचा का रे? तुझं नाव गुचो. मी काका. आणि उद्या एक आई येणार.”

“खरी?”

“अगदी खरी.”

“किती वेळ खेळायचं?”

“मी थांब म्हणेपर्यंत.”

दुसऱ्या दिवशी बाई आली. नाव झेनोबिया. बोगुमिलने रात्रभर उत्तरं घोकून ठेवली होती. कुठल्या स्टेशनावर सापडला, अंगात काय कपडे होते, आपलं नाव त्याला का आठवत नाही. तिने एकही प्रश्न विचारला नाही. पोराला मिठीही मारली नाही. भांड्यातले चार गोळे ताटलीत काढले, त्यांवर तळलेला कांदा घातला आणि तो खात असताना पदरासारखं एप्रनचं टोक धरून त्याचं नाक पुसलं.

“चल गुचो. घरी मांजर आहे,” ती म्हणाली.

मांजर म्हटल्यावर पोरगं निघालंच. जाताना तिने बोगुमिलचा हात दोन्ही हातांत धरला. “तुमचे उपकार कसे फेडू?”

बोगुमिलला जमिनीत गडप व्हावंसं वाटलं.

त्यानंतर गळ्यात कॅमेरा अडकवून तो रोज हिंडू लागला. विटांच्या ढिगाऱ्यांवर चढणारी पोरं, फुटक्या टबात होडी वल्हवणारी, चिंध्यांच्या चेंडूमागे धावणारी. त्याचे फोटो मासिकांत येऊ लागले, लोक वाहवा करू लागले. कुठल्याही फोटोत तेच एक पोरगं हटकून असे. खोकणाऱ्या माणसाने मुलाजवळ जाऊ नये. पण फोटो तर लांबूनच काढायचा असतो.

झेनोबियाने कधी हरकत घेतली नाही. उलट बोगुमिल गल्लीच्या तोंडाशी दिसला, की खिडकीतून तिची हाक यायची, “गुचो, अंधारात काय खेळतोस? उजेडात ये!”

दर रविवारी ती पोराला घेऊन दुकानात यायची.

“खा हो फोटोवाले! नुसत्या फोटोंनी पोट भरत असतं तर मी कशाला बटाटे सोलत बसले असते?”

“तुम्ही उगाच त्रास घेता.”

“त्रास कसला? तुमच्यामुळे मला मुलगा मिळाला.”

एकदा पोरगं पडलेला दात दाखवायला धावत आलं. “बाबा, बघा!” म्हणालं आणि जीभ चावून थांबलं. बोगुमिलने चटकन वळून पाहिलं. पण झेनोबिया भांड्यात डाव आपटत होती. तिला काही ऐकू गेलं नसावं. सुटलो, त्याला वाटलं. ही बाई किती भोळी, आणि देव किती दयाळू.

पोराने बाळसं धरलं. शाळेत जाऊ लागलं. गालांवर लाली आली. रोज झोपताना बोगुमिल त्या बाईसाठी दोन शब्द प्रार्थना करायचा आणि तिला फसवल्याबद्दल चार.

तिसऱ्या हिवाळ्यात त्याला उचलूनच ओत्व्होत्स्कच्या क्षयाच्या इस्पितळात न्यावं लागलं. “जवळचं कुणी?” असं विचारलं तेव्हा त्याने नुसती मान हलवली. कुणी नाही.

पाइनच्या झाडांकडे तोंड करून तो व्हरांड्यातल्या खाटेवर पडून असायचा. सिस्टर जेवण भरवायची, खिडकी उघडायची. एवढं करणारं कुणीतरी आहे याचंही त्याला बरं वाटायचं. पोरगं सुरक्षित होतं. आणखी काय हवं?

एका रविवारी दाराशी ओळखीचा आवाज आला. बाजारात ओरडून कमावलेला.

“भेटायचंय आम्हाला.”

“फक्त सख्ख्या माणसांना सोडतो आम्ही,” सिस्टर म्हणाली. “तुम्ही कोण?”

“मी या मुलाची आई.”

“आणि पेशंटच्या कोण?”

“कुणी नाही.”

“मग बाई, उगाच हट्ट नका करू. त्यांचं सख्खं कुणी नाहीच. त्यांनीच सांगितलंय.”

बोगुमिलने डोळे मिटले. निदान काचेतून तरी दाखवा, असं त्याला म्हणायचं होतं, पण छातीतून आवाज निघेना.

“खोटं सांगितलंय त्यांनी,” झेनोबिया म्हणाली. “माझ्या गुचोला मी माझ्या हातांनी माती दिली, सिस्टर. हा त्यांचा लेशेक आहे.”