लग्नघरातलं गाणं

इस्रायलमधल्या लिद गावी, अरब वस्तीतल्या एका लग्नात रॅपर तमीमचा कार्यक्रम होता. सरकारने अरबांचं घर पाडल्याचं त्याचं गाणं गावात पोरासोरांनाही पाठ, पण शुभकार्यात ते म्हणायचं नाही असं त्याने ठरवलं होतं. नवरीचा बाप अबू राजी ऐकेना.

"तेच म्हण."

"काका, लग्नघरात बुलडोझर कशाला?"

"अरे, लग्न उन्हाळ्यात होतं. पाडायची नोटीस आली म्हणून अलीकडे घेतलं. पोरगी बापाच्या दारातून निघायला नको?"

तमीमने माईक उचलला. पहिल्याच ओळीला माणसं हातात हात घालून नाचायला लागली.

अबू राजी टाळ्या वाजवत त्याच्या कानाशी आला. "गाणं संपलं की माईकवरून सगळ्यांना सांग, रिकाम्या हाताने कुणी जायचं नाही. फ्रीज माझ्या भावाकडे पोचवा, बाकी ज्याला जे झेपेल ते उचला. उद्याचीच तारीख आहे, बुलडोझरवाले सकाळी लवकर येतात."