जुनं दार

“बाई तिथे जिवंत होत्या का, एवढंच सांगा,” सुनावणी घेणारे साहेब सिस्टरला म्हणाले.

सिस्टर भिंतीला टेकून उभी होती. मोठ्या डॉक्टरांना खुर्ची होती, दारूच्या दुकानाच्या मालकाला खुर्ची होती. शिंप्यालाही दिली होती, कारण बायको त्याची गेली होती आणि ही सुनावणी त्याच्याच तक्रारीवर चालली होती.

शिंप्याचं मागणं लहान होतं. दवाखान्याचं बुजवलेलं दार उघडा.

दवाखान्याजवळ दारूचं दुकान नको, हा नियम जुना. मग तो बदलला. अंतर आता कुंपणापासून मोजायचं नाही. पेशंट ज्या दारातून आत जातात, तिथून दुकानाच्या पायरीपर्यंत, रस्त्याने चालत मोजायचं. दुकान दवाखान्याच्या दारासमोरच होतं आणि चांगलं चालत होतं. ते कोण हलवणार? त्यापेक्षा दार हलवलं. पुढचं दार विटांनी बुजवलं आणि मागच्या बोळात, जिथून धुण्याचे गठ्ठे आणि स्वयंपाकघराचा कचरा बाहेर जातो, तिथे नवं पाडलं. टेप लावली. अंतर भरलं. दुकानाला परवाना मिळाला, वर सकाळी लवकर उघडायची मुभा मिळाली. बुजवलेल्या भिंतीला मालकाने स्वखर्चाने रंग दिला आणि तिच्यावर फुलांच्या कुंड्यांची चित्रं काढून घेतली. थोड्याच दिवसांत लोक त्या कुंड्यांखाली लघवीला उभे राहू लागले.

शिंपी राहायला लांब. त्याला यातलं काही माहीत नव्हतं. त्याची लेक याच दवाखान्यात जन्मली होती, त्याच दारातून त्याने तिला घरी नेलं होतं. बायकोच्या छातीत कळ आली तेव्हा शेजाऱ्याच्या गाडीत घालून तो तिला तिथेच घेऊन आला. धरून खाली उतरवलं. समोर दार नाही, कुंड्या. आधी त्याला वाटलं, आपलंच काहीतरी चुकलं. मग तिला जुन्या दाराच्या पायरीवर बसवून तो दोन्ही हातांनी भिंत बडवू लागला. दुकानापाशी सकाळचं गिऱ्हाईक जमलं होतं. त्यातला एक जण ओरडला, “काका, काउंटर इकडे आहे. काकूंनाही घेऊन या.” बाकीचे हसले.

हे शिंपी सांगत होता तेव्हा मालक दुःखाने मान हलवत होता. गोड माणूस. सगळे त्याला भाऊ म्हणायचे. सुनावणीआधी त्याने शिंप्याचा हात हातात घेऊन सांगितलं होतं की वहिनी म्हणजे माझी सख्खी बहीणच. त्याने तिला जन्मात पाहिलं नव्हतं. शिंप्याने हात सोडवून पँटला पुसला.

“बाबा, साबणाने धुवा,” सोबत आलेली लेक म्हणाली. हळू आवाजात नाही.

मोठ्या डॉक्टरांचं म्हणणं थोडक्यात होतं. मागच्या दाराने आणलं तेव्हा बाईंमध्ये काही उरलं नव्हतं. असा झटका आला की माणूस घरून निघतानाच संपलेला असतो. मग दार पुढे असलं काय आणि मागे असलं काय? मालकाच्या वकिलाने तेच पुन्हा जरा लांबवून सांगितलं. तेव्हा साहेब म्हणाले होते, जुन्या दारापाशी बाई जिवंत होत्या असं कोणी पाहिलं असेल तर विचार करू. नाहीतर तक्रार इथेच संपली.

जवळून पाहणारी एकटी सिस्टर होती. कामावर येताना तिने हा माणूस भिंत बडवताना पाहिला आणि ती धावत आली होती. ती कंत्राटावर होती. कंत्राट वाढवणं न वाढवणं मोठ्या डॉक्टरांच्या हातात. नवऱ्याने तिला बजावून पाठवलं होतं की नीट आठवत नाही म्हण, त्यात खोटं असं काही नाही. मोठे डॉक्टर आता तिच्याकडे बघत नव्हते. खिडकीबाहेर बघत होते.

“जिवंत होत्या,” सिस्टर म्हणाली. “मी नाडी पाहिली. आणि त्या बोलल्या.”

“काय बोलल्या?”

“ह्यांना हाक मारत होत्या. अहो, दार कुठे गेलं, म्हणाल्या.”

शिंप्याने ते ऐकलं नव्हतं. तो भिंत बडवत होता.

एकदा तोंड उघडल्यावर सिस्टर थांबली नाही. तिनेच बाईंना पुन्हा गाडीत घातलं होतं. रस्ता एकेरी, म्हणून सगळ्या बाजाराला वळसा घालावा लागला. बोळात शिरले तर धुण्याचा टेम्पो आडवा. ड्रायव्हर चहाला गेलेला. ती मनगट धरून बसली होती. ड्रायव्हर आला, टेम्पो काढला, तोपर्यंत हाताला काही लागेनासं झालं होतं. नवं दार तिथून दिसत होतं.

मालकाने रुमाल काढून मान पुसली. वकील कागद चाळायला लागला. लेकीने बापाचा खांदा घट्ट दाबला. बायको गेल्यापासून पहिल्यांदाच शिंप्याला वाटलं, ऐकलं कोणीतरी. उघडणार दार.

साहेबांनी सिस्टरचे आभार मानले, इतकं स्पष्ट कोणी सांगत नाही असंही म्हणाले. मग ते लिहून घेणाऱ्याकडे वळले.

“लिहा. साक्षीनुसार जुन्या दारापाशी कोणाचाही मृत्यू झालेला नाही. दुकानाचा परवाना कायम.”