सुईणीची जागा

"हिच्या पांढऱ्या टोपीवर रक्ताचा एक थेंब कसा उडत नाही?" ठकूबाई करवादल्या.

चार दिवस सून त्यांना अमेरिकेतल्या आमिश या जुन्या वळणाच्या ख्रिस्ती पंथातल्या सुईणीची प्रेमकथा वाचून दाखवत होती. गावात वीज नाही, दाराशी घोडागाडी, आणि बाळंतिणीचा विधुर भाऊ सुईणीवर भाळलेला. चाळीस वर्षं सुईणपण केलेल्या ठकूबाईंना ओळीओळीचा राग येत होता.

"वार पडायच्या आत ही त्याच्याकडं बघून लाजती? बाई मरंल तिकडं. लिहिणारीनं बाळंतपण बघितलंय का कधी?"

सून पुढं वाचत राहिली. पुस्तकातलं बाळंतपण आटोपलं. घरच्या म्हाताऱ्यानं सुईणीच्या हातावर ऊन पाणी घातलं, तिला शेजारी बसवलं, आणि सगळे एकाच टेबलाशी जेवले.

पोर बाहेर आलं की लोक ठकूबाईंना मागच्या दारानं बाहेर काढत. चहा गोठ्यापाशी, कानतुटक्या कपात. त्यांची पाठ वळली की घरात गोमूत्र शिंपडत.

"खोटारडी आहे मेली," त्या म्हणाल्या.

"मग बंद करू पुस्तक?"

"कर. तेवढ्या पानाचा कोपरा दुमडून ठेव."