सतराचा पाना

अंगणात मोटरसायकल सुरू झाली तेव्हा महेंद्र झोपेत होता. रात्रपाळी करून सकाळी आठला आडवा झालेला. इंजिन दोन मिनिटं जागच्या जागी चाललं आणि बंद झालं, तसा तो ताडकन उठून बसला. इंजिन आधी जरा तापवायचं, ऑईल पातळ होऊ द्यायचं, मग नट खोलायचा, ही आबांची रीत. आबा ऑईल बदलायला बसले होते.

ऑईल दहा दिवसांपूर्वीच बदललेलं होतं. कंपनीच्या वाटेवरच्या एका गॅरेजात. आबांना सांगायचं राहून गेलं होतं. निदान महेंद्र स्वतःला तरी तसंच सांगत होता.

तो बनियनवरच बाहेर आला. ज्ञानदेवआबा गाडीशेजारी पोतं अंथरून बसले होते. दौंडला रेल्वेच्या शेडमध्ये बत्तीस वर्षं फिटर. रिटायर होऊन शिरूरला लेकाकडे, महेंद्रकडे आले तेव्हा सोबत आणलेली हत्यारांची पिशवी अजून त्यांच्या उशाशी असे. अलीकडे त्यांचे हात थरथरत. चहाची बशी दोन्ही हातांनी धरावी लागे. पण सतरा नंबरचा रिंगपाना नटाला लागला आणि थरथर थांबली. महेंद्रने हे कधी नीट पाहिलंच नव्हतं. आबा ऑईल बदलत तेव्हा तो एकतर झोपेत असे, नाहीतर घाईत.

“आबा, ऱ्हाऊ द्या. मी करतो.”

“झोप तू. मीटर बघितलं मी. गेल्या ऑईलपासनं दोन हजार झालं.”

शेजारच्या गिताबाई रिकामा डबा घेऊन उभ्याच होत्या. इंजिनाचा आवाज ऐकूनच त्या आल्या होत्या. आबांनी काढलेलं काळं ऑईल त्यांचं, हे गल्लीत ठरलेलं. म्हशीच्या गोठ्याच्या लाकडी मेढींना ते फासलं की वाळवी लागत नसे.

नट सुटला. घमेल्यात धार पडू लागली. काळी पड, काळी पड, महेंद्र मनात म्हणत होता. धार मधासारखी पिवळी होती.

गिताबाईंनी वाकून पाहिलं. “काय ओ फिटर, ह्यात तर भजी तळावी.”

आबांनी घमेल्यात बोट बुडवलं, अंगठ्यावर चोळलं, नाकाशी नेलं. एकदा मान वर करून महेंद्रकडे पाहिलं. मग गिताबाईंना म्हणाले, “नव्या जातीचं ऑईल हाय. लवकर काळं पडत न्हाई. पुढच्या टायमाला देतो तुमास्नी.”

वाळवीला कुठं कळतीय जुनी जात आन् नवी जात, असं काहीसं पुटपुटत गिताबाई रिकामा डबा घेऊन गेल्या.

आबा बराच वेळ नट बोटांत फिरवत राहिले. नट नवा होता. त्याच्यावरचं वायसर, तांब्याची ती चकती, तीही नवी, चकचकीत.

“गळत हुतं व्हय?”

महेंद्रने मान डोलावली. कारेगावजवळ बुटावर तेल दिसलं, त्या दिवशी त्याच्या मनात एकच आलं होतं. हात थरथरतात, नट नीट बसला नसणार. म्हाताऱ्या माणसाला कशाला दुखवायचं, म्हणून त्याने गुपचूप गाडी गॅरेजात दिली होती. आपण समजूतदारपणा केला असंच त्याला वाटलं होतं.

“गेल्या टायमाला वायसर आण म्हनलो हुतो,” आबा म्हणाले. “तू म्हनलास, शिफ्टचा टाइम झाला, जुनंच लावा.”

महेंद्रला आठवलं. चावी हातात खुळखुळवत म्हणाला होता तो.

आबांनी तेवढंच बोलून धोतराच्या धुतलेल्या फडक्यातून ऑईल गाळलं, नट बसवला, आवळला आणि ऑईल परत इंजिनात ओतलं. एक थेंब बाहेर सांडला नाही. नटाखाली बोट फिरवून पाहिलं. कोरडं होतं.

मग ते उठून दारामागच्या भिंतीपाशी गेले. तिथे खडूने लिहिलेल्या ओळी होत्या. तारीख, मीटरचा आकडा आणि प्रत्येक ओळीच्या शेवटी ‘ज्ञा.’ शेडमधली सवय. काम झालं की फळ्यावर लिहायचं आणि त्यापुढे काम करणाऱ्याने आपली खूण करायची. दोन वर्षांच्या सगळ्या ओळींपुढे तीच एक खूण होती.

गॅरेजात कवा गेला होतास, मीटर किती झालं होतं, असं आबांनी विचारलं. महेंद्रने सांगितलं. आबांनी ते लिहिलं. आता हात पुन्हा थरथरत होता, आकडे वेडेवाकडे उमटले. ओळीचा शेवट कोरा ठेवून त्यांनी खडू महेंद्रपुढे धरला.

“ज्यानं काम केलं त्यानं खूण करायची.”

“मी कुठं केलंय, आबा. गॅरेजवाल्यानं केलंय.”

“मग त्याला बोलव.”

आवाजात राग नव्हता. खडू महेंद्रच्या हातात देऊन आबा रॉकेलने हात धुवायला मोरीकडे गेले. पुढच्या खेपेला तुम्हीच करा, वायसर मी आधीच आणून ठेवतो, असं महेंद्र मागून म्हणाला. मोरीत पाण्याचा आवाज चालू होता.

संध्याकाळी कामावर निघताना तो किल्ली घ्यायला गेला. किल्लीच्या खिळ्याला आबांचा सतराचा रिंगपाना लटकवलेला होता. पुसून लख्ख केलेला. किल्ली त्याच्या मागे होती. ती घ्यायला महेंद्रला आधी पाना काढावा लागला.